मिठीचे मासे कोणी मारले?

मिठी ही नदी आहे. विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यांतून निघून आरे, मरोळ, साकीनाका, कुर्ला, कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल आणि धारावी असा सुमारे 18 किलोमीटरचा प्रवास करून ती माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते, हे या महानगराला आज पुन्हा ठणकावून सांगावे लागते, यापरती लाजिरवाणी गोष्ट नाही. धारावी आणि माहीमच्या कोळीवाड्यांतील मागच्या पिढ्यांनी याच पाण्यात पाग टाकले. बोय, जिताडा, कोळंबी आणि चिंबोरी यांवर संसार चालवले. ओहोटीच्या चिखलातून निवट्या वेचून पोरांच्या ताटात कालवण वाढले. आज कुर्ल्याच्या पुलावरून खाली पाहा. डांबरासारखे काळे पाणी, त्यावर तेलाचा सप्तरंगी तवंग, तळातल्या कुजक्या गाळातून वर येऊन फुटणारे वायूचे बुडबुडे आणि काठाशी अडकलेला प्लास्टिकचा खच एवढेच दिसेल. मासा तेथून निघून गेला नाही. त्याला मारण्यात आले आहे.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, शेकडो माणसे मृत्युमुखी पडली आणि मुंबईला आपल्या पोटातून एक नदी वाहते याचा साक्षात्कार झाला. चितळे समिती नेमली गेली, मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, कोट्यवधींचे आराखडे मंजूर झाले. परंतु त्या प्रलयातून राज्यकर्त्यांनी जो धडा घेतला तो अर्धाच होता, आणि अर्धा धडा अज्ञानाहून घातक ठरतो. पाणी लवकर वाहून गेले पाहिजे, एवढेच त्यांना कळले. मग पात्र खोदले गेले, दोन्ही काठांवर काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि नदीचा कारभार पालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्या खात्याच्या हाती राहिला. ज्या खात्याचे काम पावसाचे पाणी नळातून आणि नाल्यातून समुद्रात लोटणे हे आहे, त्या खात्याने नदीकडेही त्याच नजरेने पाहिले. वीस वर्षांत या नदीची खोली मोजली, रुंदी मोजली, गाळाचे ट्रक मोजले. मासे कोणीच मोजले नाहीत.

माशाला नदीत काय लागते, हे मंत्रालयातील अधिकाऱ्यांना ठाऊक नसेल तर त्यांनी कोकणातील कोणत्याही वहाळाच्या काठी मृगाच्या पहिल्या पावसात जाऊन उभे राहावे. वलगणीचे मासे अंगात बळ आणून प्रवाहाविरुद्ध वर चढतात, पाणी पसरलेल्या गवतात आणि उथळ डबक्यांत अंडी सोडतात, आणि तेथेच त्यांची पिल्ले वाढतात. त्यासाठी नदीला काठ हवा. उतरता, मातीचा, गवताचा, झाडांच्या मुळांनी धरलेला काठ. उभ्या भिंतीला काठ नसतो. खाली खाडीत तर तिवरांचे जंगल हेच माशांचे संगोपनगृह असते. कोळंबीची आणि बोयांची पिल्ले भरतीबरोबर तिवरांच्या मुळांत शिरतात, तेथे मोठ्या माशांपासून लपतात, कुजलेल्या पानांवर वाढणारे सूक्ष्म जीव खातात आणि बळ आल्यावर समुद्राकडे परततात. जिताडा अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी उतरतो आणि त्याची पिल्ले पुन्हा गोड्या पाण्याकडे वर सरकतात. म्हणजे डोंगरापासून समुद्रापर्यंतची वाट अखंड असेल तरच हा मासा जगतो. ती एका जागी तुटली की वरचे पाणी कितीही स्वच्छ असले तरी व्यर्थ. आपण ती एका जागी तोडलेली नाही. साकीनाक्याला तोडली, विमानतळाच्या धावपट्टीखाली तोडली, कुर्ल्याला तोडली, धारावीला तोडली.

आणि श्वासाचे काय? लिटरभर पाण्यात किमान 4 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असल्याखेरीज बहुतेक मासे तग धरत नाहीत. मैला पाण्यात मिसळला की तो कुजवणारे जीवाणू हा प्राणवायू खाऊन टाकतात. आंघोळीयोग्य पाण्यात या प्राणवायूची जैविक मागणी लिटरला 3 मिलिग्रॅमहून अधिक नसावी, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. त्याच मंडळाने 2018 मध्ये मिठीला पहिल्या प्राधान्याच्या प्रदूषित पट्ट्यांत टाकले, म्हणजे जेथे ही मागणी 30 च्या वर गेली आहे अशा पट्ट्यांत. निकषाच्या दहा पट! हे आकडे सरकारचे आहेत, कोण्या आंदोलकाचे नाहीत. ते वाचून कोणत्या मंत्र्याची झोप उडाली?

दोष द्यायची वेळ आली की बोट झोपडपट्टीकडे वळते. काठावरच्या गरिबाला शौचालय न देणे हे पाप कोणाचे, हा प्रश्न विचारला जात नाही. साकीनाका आणि कुर्ल्याच्या गल्ल्यांत भंगारातील तेलाची पिंपे धुऊन ते पाणी नाल्यात सोडले जाते, हे दिवसाढवळ्या चालते आणि साऱ्या यंत्रणेला ठाऊक असते; तरी नोटिशीचा कागद हलत नाही. काचेच्या मनोऱ्यांतून, बंद दारांच्या वसाहतींतून आणि हॉटेलांतून निघणारे सांडपाणी पर्जन्यनाल्याला जोडले गेले आहे की मलवाहिनीला, हे तपासायला कोणी जात नाही. ज्या वांद्रे-कुर्ला संकुलात देशाच्या अर्थकारणाचे निर्णय होतात ते संकुलच मिठीच्या दलदलीवर आणि खाजणावर भराव घालून उभे आहे. वातानुकूलित खिडकी बंद केली की दुर्गंध येत नाही. खिडकी बंद केल्याने नदी जिवंत होत नाही.

या ढोंगाला आता कागदोपत्री प्रतिष्ठाही लाभली आहे. 2020 मध्ये राज्याने पांढरी चिप्पी हा राज्य कांदळवृक्ष घोषित केला. 2023 मध्ये पापलेट हा राज्य मासा झाला. छायाचित्रे निघाली, भाषणे झाली. तिवरांची कत्तल हा घटनेच्या 21व्या अनुच्छेदाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये निःसंदिग्ध शब्दांत बजावले. आणि प्रत्यक्षात? उगमाशी, आरेत, 2019 च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात दोन हजारांहून अधिक झाडे मिठीच्याच पाणलोटात तोडली गेली. पवईला, तलावाच्या काठच्या उथळ पाण्यात, जेथे माशांची पिल्ले आसरा घेतात तेथेच, दगडांचा भराव टाकून सायकलचा मार्ग बांधायला पालिका निघाली. 2022 मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला तेव्हा कुठे हात थांबला. ज्याच्या घराची नासाडी केली, त्यालाच मानचिन्ह बहाल करणारे हे राज्य आहे.

गाळाची कहाणी तर याहून संतापजनक आहे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी यंत्रे पात्रात उतरतात, तळ खरवडतात, त्या तळात जे काही किडे, शिंपले, गांडुळे जीव धरून असतील त्यांचाही निकाल लावतात, आणि बिले मंजूर होतात. 2025 च्या मे महिन्यात याच गाळाच्या कंत्राटांतील सुमारे 65 कोटी रुपयांच्या घोटाळ्याचा गुन्हा मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने नोंदवला. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. पण नदी मेलेली राहणे ज्या व्यवस्थेत फायद्याचे ठरते, ज्या व्यवस्थेत दरसाल तोच गाळ, तेच काम आणि तेच देयक पुन्हा पुन्हा जन्म घेते, त्या व्यवस्थेचा न्याय कोण करणार? जिवंत नदी कोणाला कंत्राट देत नाही.

हे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांना आम्ही थेम्सचे उदाहरण देतो. लंडनच्या निसर्ग इतिहास संग्रहालयाच्या शास्त्रज्ञांनी 1957 मध्ये तिच्या शहरातील पात्राला जीवशून्य ठरवले होते. बेक्टन आणि क्रॉसनेसची मलशुद्धीकरण केंद्रे सुधारली गेली, नदीत पडणारी घाण थांबली, आणि 1974 मध्ये त्याच पाण्यात सामन मासा सापडला. तेथे कोणी चमत्कार केला नव्हता. मैला नदीत जाऊ दिला नाही, एवढेच. आणि इतक्या दूर कशाला जावे? मिठीच्याच काठी, धारावीला, जेथे शहराचा कचरा टाकला जात होता त्या 37 एकरांवर आज महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचे दाट वन उभे आहे. कचऱ्यावर जंगल उगवू शकते, तर नदीत मासा का परतू शकत नाही?

बापट नाला आणि सफेद पूल नाल्याचे सांडपाणी बोगद्यातून धारावीच्या केंद्राकडे नेण्याचे काम पालिकेने हाती घेतले आहे, ते स्वागतार्ह आहे. पण जोवर प्रत्येक नाल्याचे तोंड बंद होत नाही तोवर ते अपुरे आहे. यापुढे एकही भिंत नको. जेथे शक्य आहे तेथे काँक्रीट हटवून मातीचा उतरता काठ आणि तिवरांचा पट्टा नदीला परत द्या. तो पूरही पोटात घेईल आणि माशांनाही. प्राधिकरणात धारावी आणि माहीमच्या कोळ्यांना सल्लागार म्हणून नव्हे, मताधिकारासह बसवा, कारण या पाण्याची भरती-ओहोटी त्यांच्या हाडामासात आहे. आणि दरवर्षी उगमापासून मुखापर्यंत माशांची गणना करून ती जाहीर करा. आधी ती गणना, मग गाळाचे देयक.

वाचकहो, येत्या पालिका निवडणुकीत दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला रस्ता आणि पाणी यांविषयी विचारालच. त्याबरोबर एवढे विचारा: मिठीत पहिला मासा केव्हा दिसेल, आणि त्या तारखेला तुम्ही जबाबदार राहाल काय? ज्याच्याकडे उत्तर नसेल, त्याला मत देऊ नका.