हातचें कसब आणि कॅमेरा

प्रत्येक पिढींतील तरुणांस एखाद्या नव्या धंद्याची भूल पडतेच. हल्लीं ती छायाचित्रणाची पडली आहे. परवां सुतारकाम करणारे एक पालक आमच्याकडे आले. मुलगा रंधा उत्तम चालवितो. परंतु आतां लग्नकार्यांतील फोटो काढून पोट भरीन म्हणतो. त्यास चार शब्द सांगा, अशी त्यांची विनंती होती. मुलगाही शेजारींच उभा होता. बापाच्या मुद्रेवर काळजी, मुलाच्या मुद्रेवर हट्ट! त्या दोघांना आम्हीं जें सांगितलें, तेंच सर्व विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या विचारार्थ येथें मांडीत आहों.

प्रथम पालकांस. छायाचित्रण हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, ही समजूत चुकीची होय. हिंदुस्थानांतील थोर छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचेंच उदाहरण पाहा. त्यांचा जन्म १८४४ सालीं मेरठजवळील सरधना येथें झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजांत शिक्षण घेऊन ते इंदूर येथें सरकारी बांधकाम खात्यांत नकाशे व अंदाजपत्रकें तयार करण्याच्या कामीं लागले. कॅमेरा त्यांनीं हातीं घेतला तो १८७४ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या तिशींत. त्या काळीं काचेच्या तबकडीवर कलोडियनचा थर देऊन, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवून, ओली आहे तोंच चित्र घ्यावें व धुवावें लागे. तबकडी वाळली कीं सारी मेहनत व्यर्थ! हें काम आळशी माणसाचें खास नव्हे.

पुढें मध्य हिंदुस्थानांतील प्राचीन वास्तूंचीं त्यांनीं घेतलेलीं चित्रें १८८६ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. हैदराबादच्या निजामांनीं त्यांस दरबारी छायाचित्रकार नेमिलें. १८९६ सालीं त्यांनीं मुंबईसही आपली चित्रशाळा उघडली. आमच्या मतें या यशाचें मूळ जुन्या कामांतच होतें. ज्याची नजर इमारतीच्या रेषा मोजण्यांत वर्षानुवर्षें मुरली, त्याला कॅमेरा कोठें उभा करावा हें निराळें शिकवावें लागत नाहीं.

आतां मुलांस. दीनदयाळांनीं नोकरी एका दिवसांत झुगारून दिली नाहीं. सुमारें दहा वर्षें ती संभाळून त्यांनीं कला वाढविली. मग दोन वर्षांची रजा घेतली, आणि नवा धंदा पायावर उभा राहिल्यावरच जुनी नोकरी सोडली. हा क्रम ध्यानांत ठेवावा. आज प्रत्येकाच्या खिशांतील फोनमध्यें कॅमेरा आहे. तेव्हां केवळ चित्र निघतें म्हणून कोणी पैसे देणार नाहीं. लग्नाच्या तिथी वर्षांतून थोड्याच महिन्यांत येतात, आणि कर्जाचे हप्ते मात्र बाराही महिने भरावे लागतात. म्हणून आमचें सांगणें असें कीं, वर्षभर हत्यारें खालीं ठेवूं नयेत. सुटीच्या दिवशीं एखाद्या अनुभवी छायाचित्रकाराच्या हाताखालीं राबावें, जमाखर्च लिहावा, आणि आपणांस ज्याचें मर्म कळतें त्या वस्तूंचीं, म्हणजे घडीव लांकूडकामाचीं, चित्रें प्रथम घ्यावीं. वर्षाखेरीस वही काय म्हणते तें वडिलांसमवेत बसून पाहावें.

एक प्रश्न मात्र आम्हीं त्या मुलास स्पष्ट विचारला. "तुला रंध्याची लाज वाटते म्हणून तूं कॅमेऱ्याकडे पळतोस काय?" बापाच्या काळजीखालीं खरें दुःख हेंच होतें, हें आम्हांस दिसत होतें. ज्यास घामाच्या कामाची लाज वाटते, त्यास नव्या धंद्यांतही घाम गाळवत नाहीं. तो तेथूनही पळतो. परंतु जो आपलें कसब बरोबर घेऊन जातो, त्यानें वडिलांचा धंदा सोडला असें आम्ही म्हणणार नाहीं.

मुलगा कांहीं बोलला नाहीं. जातांना मात्र आमच्या डुगडुगणाऱ्या टेबलाकडे त्यानें वांकून पाहिलें व म्हणाला, "सर, याची कूस सैल झाली आहे. उद्यां येऊन बसवून देतों." दुसरे दिवशीं तो खरोखरच आला. टेबल आतां हालत नाहीं. अशी नजर आणि असा शब्द ज्याच्यापाशीं आहे, त्याच्या हातीं कॅमेरा देण्यास पालकांनीं भिऊं नये.