विश्लेषण : शेवटचे आठही सामने जिंकले, म्हणजे संघ खरेच बदलला का?

बारा सामने, तीन विजय, एक बरोबरी, आठ पराभव. इंडियन सुपर लीगच्या २०२२-२३ हंगामात डिसेंबर संपला तेव्हा बंगळूरु एफसीच्या खात्यात अवघे १० गुण होते. त्यानंतर याच संघाने साखळीतले उरलेले आठही सामने जिंकले, ३४ गुणांसह चौथे स्थान गाठले आणि उपांत्य फेरीत मुंबई सिटी एफसीला घरी पाठवले. ही मुंबई साखळीत ४६ गुणांसह पहिली आलेली होती आणि पहिल्या १८ सामन्यांत एकदाही हरली नव्हती.

हंगामाचा शेवट असा दणक्यात झाला, की संघाला ‘लय सापडली’ असे म्हटले जाते. प्रशिक्षकाचे कौतुक होते, एखाद-दुसरा खेळाडू रातोरात मोठा होतो. मात्र आठ सामने म्हणजे पुरावा किती, हे कोणी मोजत नाही. बारामती आणि इंदापूरच्या शालेय मैदानांवर तर आठ कशाला, एकाच सामन्यावरून मुलांचे मोजमाप होते. म्हणून बंगळूरुचा हा हिशोब नीट मांडून पाहण्यासारखा आहे.

आकडे काय दाखवतात?

पहिल्या बारा सामन्यांत बंगळूरुने ८ गोल केले आणि १७ स्वीकारले. शेवटच्या आठ सामन्यांत १९ केले आणि फक्त ६ स्वीकारले. गुणांच्या भाषेत सांगायचे तर आधी सामन्यामागे सरासरी ०.८३ गुण, नंतर पूर्ण ३. पहिल्या नजरेला हे दोन वेगळे संघ वाटतात.

पण पराभवांकडे जरा जवळून पाहावे. आठपैकी सहा पराभव एका गोलच्या फरकाने झाले होते. हैदराबाद, ओडिशा, ईस्ट बंगाल आणि एटीके मोहन बागान यांच्याविरुद्ध ०-१, केरळविरुद्ध २-३ आणि ईस्ट बंगालविरुद्ध पुन्हा १-२. खरा धुव्वा उडाला तो दोनदाच, मुंबईविरुद्ध ०-४ आणि हैदराबादविरुद्ध ०-३. एक चेंडू खांबाला लागून आत गेला असता, एक पेनल्टी मिळाली असती, तर यातले दोन-तीन सामने बरोबरीत सुटले असते. गुणतालिकेत ‘पराभव’ एवढेच लिहिले जाते. तो थोडक्यात झाला की सपशेल, हे तालिका सांगत नाही.

उलट बाजूही तशीच आहे. शेवटच्या आठ विजयांपैकी चार एका गोलच्या फरकाचे होते. नॉर्थईस्ट, मोहन बागान आणि मुंबईविरुद्ध २-१, केरळविरुद्ध १-०. आधी जे थोडक्यात निसटत होते, ते नंतर थोडक्यात हाती लागू लागले. बाकीचे चार मात्र स्वच्छ विजय होते. ओडिशा, चेन्नईयिन आणि गोवा यांना ३-१, तर जमशेदपूरला ३-०. म्हणजे सगळा खेळ नशिबाचा होता असेही म्हणता येत नाही.

तेच आठ प्रतिस्पर्धी, पुन्हा एकदा

या हंगामाच्या वेळापत्रकात एक सोय आपोआप झाली होती. तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. अकरा संघांच्या साखळीत प्रत्येकाशी दोनदा खेळायचे असते. बंगळूरुचे हैदराबाद आणि ईस्ट बंगालशी असलेले दोन्ही सामने पहिल्या बारांतच उरकले आणि चारही सामने बंगळूरु हरला. उरलेल्या आठ संघांशी त्याची एक गाठ आधी पडली आणि दुसरी बरोबर शेवटच्या आठ सामन्यांत. त्यामुळे तुलना सरळ करता येते: तेच आठ प्रतिस्पर्धी, आधी काय झाले आणि नंतर काय?

आधी या आठ संघांविरुद्ध तीन विजय, एक बरोबरी, चार पराभव. गुण १०, गोल ७, स्वीकारलेले १०. नंतर आठ विजय, २४ गुण, गोल १९ आणि स्वीकारलेले ६.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, बंगळूरुची सुरुवात दिसते तितकी वाईट नव्हती. या आठ संघांविरुद्ध सरासरी सव्वा गुण होता, ती ०.८३ पर्यंत घसरली ती हैदराबाद आणि ईस्ट बंगालविरुद्धच्या चार भोपळ्यांमुळे. दुसरी, शेवटच्या टप्प्यात हे दोन नकोसे प्रतिस्पर्धी समोर आलेच नाहीत. हैदराबाद त्या हंगामात ४२ गुणांसह दुसरा होता. फेब्रुवारीत त्याच्याशी एक सामना असता, तर सलग विजयांची मालिका आठवर पोहोचली असती का, हे सांगणे कठीण आहे. शिवाय मुंबई आणि केरळ यांच्याशी पहिली लढत त्यांच्या मैदानावर झाली होती, दुसरी कांतीरवावर. घरच्या मैदानाचा फायदा सामन्यागणिक थोडाच असतो, पण तो असतो.

तरीही सुधारणा खरी होतीच. सात गोलांवरून एकोणीस ही उडी वेळापत्रकाने मारता येत नाही. प्रशिक्षक सायमन ग्रेसन यांनी रॉय कृष्णाच्या जोडीला तरुण शिवशक्ती नारायणनला आघाडीवर ठेवले आणि सुनील छेत्रीसारख्या कर्णधाराला बऱ्याच सामन्यांत बदली खेळाडू म्हणून उतरवले. हा निर्णय सोपा नव्हता.

नशिबाचा वाटा मोजता येतो का?

अंदाजाने येतो. नाणे आठ वेळा उडवून आठही वेळा छापा पडण्याची शक्यता २५६ मध्ये एक. पहिल्या बारा सामन्यांवरून बंगळूरुची जिंकण्याची शक्यता २५ टक्के धरली, तर सलग आठ विजयांची शक्यता ६५,५३६ मध्ये एक इतकी नगण्य येते. संपूर्ण हंगामाची सरासरी, म्हणजे वीसपैकी ११ विजय, ५५ टक्के धरली तर ती सुमारे १२० मध्ये एक होते. अर्थात या ५५ टक्क्यांत ते आठ विजय आधीच मिसळलेले आहेत, त्यामुळे हा आकडा थोडा उदार आहे.

६५ हजारांत एक ही गोष्ट घडली असे मानण्यापेक्षा संघ मुळात २५ टक्क्यांचा नव्हताच, असे मानणे शहाणपणाचे. त्याला आधारही आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये, लीग सुरू होण्याच्या काही आठवडे आधी, याच बंगळूरुने ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात मुंबईला २-१ असे हरवले होते. चांगला संघ काही आठवडे वाईट निकालांत अडकला आणि नंतर आपल्या मूळ पातळीकडे, किंबहुना काही काळ तिच्याही वर गेला. संख्याशास्त्रात याला ‘सरासरीकडे परतणे’ म्हणतात.

उसाच्या पट्ट्यात हे समजावून सांगावे लागत नाही. माळेगाव, सोमेश्वर, कर्मयोगी किंवा छत्रपती, कोणत्याही कारखान्याचा साखर उतारा हंगामभर एकसारखा नसतो. सुरुवातीला ऊस कोवळा असल्याने उतारा कमी, थंडीत तो चढतो, उन्हाळा लागला की पुन्हा उतरतो. जानेवारीतला एखादा चांगला आठवडा दाखवून कोणी ‘हाच आमचा उतारा’ म्हणाले, तर सभासद हसतील. एफआरपी ठरते ती हंगामाच्या सरासरी उताऱ्यावर.

फुटबॉलमध्येही साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला मिळणारी लीग शिल्ड ही अशी सरासरीची पावती आहे. चषक मात्र बाद फेरीतून ठरतो, आणि तिथे हिशोब पार बदलतो.

मग मुंबई हरली कशी?

मुंबईने साखळीत ५४ गोल केले, २१ स्वीकारले आणि बंगळूरुपेक्षा १२ गुण जास्त मिळवले. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी गोव्याला ५-३ असे हरवून शिल्ड नक्की केली. त्यानंतरचे दोन्ही सामने, बंगळूरु आणि ईस्ट बंगालविरुद्धचे, ती हरली. अजिंक्यपद खिशात असताना झालेल्या या पराभवांवरून ‘मुंबई ढेपाळली’ असा निष्कर्ष काढणे हा आठ विजयांवरून भुलण्याचाच दुसरा प्रकार.

उपांत्य फेरीत अंधेरीतल्या मैदानावर बंगळूरु १-० जिंकला, बंगळूरुत मुंबई २-१ जिंकली. एकूण २-२. निकाल पेनल्टी शूटआऊटवर गेला आणि तो ९-८ असा सुटला. वीस सामन्यांत कमावलेली १२ गुणांची आघाडी एका किकवर संपली. त्याआधी केरळविरुद्धच्या बाद लढतीत छेत्रीने भराभर घेतलेल्या फ्री किकवर गोल झाला आणि चिडलेला केरळ संघ मैदान सोडून गेला, तेव्हा बंगळूरु उपांत्य फेरीत पोहोचला होता. आणि १८ मार्चला फातोर्ड्यावरच्या अंतिम सामन्यात हाच बंगळूरु २-२ बरोबरीनंतर शूटआऊटमध्येच मोहन बागानकडून हरला. शूटआऊटने दिले, शूटआऊटने नेले.

फुटबॉलमध्ये असे वारंवार घडते, कारण गोल फार कमी होतात. बंगळूरुच्या त्या हंगामातील वीस सामन्यांत दोन्ही बाजूंचे मिळून ५० गोल झाले. सामन्याला सरासरी अडीच. याच्या शेजारी कबड्डी ठेवून पाहावी. १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रो कबड्डीचे विजेतेपद मिळवले. त्या एका सामन्यात ५३ गुण झाले. बंगळूरुच्या अख्ख्या हंगामात झालेल्या गोलांहून जास्त. मोजण्यासारखे प्रसंग जितके जास्त, तितकी सरस संघाला आपला सरसपणा दाखवण्याची संधी जास्त. पलटण त्या हंगामात साखळीतही ९६ गुणांसह पहिलीच होती. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, पण दिशा कळते.

पुढच्या हंगामात काय झाले?

बंगळूरु २०२३-२४ मध्ये २२ सामन्यांत २२ गुणांवर अडकला आणि बारा संघांत दहावा आला. ग्रेसन यांना हंगामाच्या मध्यातच जावे लागले. ‘लय’ उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठे गेली, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. मुंबई त्या हंगामात ४७ गुणांसह दुसरी आली. शिल्ड ठरवणारा शेवटचा साखळी सामना ती मोहन बागानकडून १-२ हरली, आणि तीनच आठवड्यांनी, ४ मे २०२४ रोजी, कोलकात्यात त्याच मोहन बागानला ३-१ असे हरवून चषक घेऊन आली. पुढच्या हंगामाचा अंदाज बांधायचा तर मुंबईचे ४६ गुण बंगळूरुच्या शेवटच्या आठ विजयांपेक्षा कितीतरी भरवशाचे ठरले.

तालुक्याच्या मैदानावर

व्यावसायिक संघाला निदान वीस-बावीस सामने मिळतात. शाळेच्या संघाला ते मिळत नाहीत. कबड्डी, कुस्ती आणि क्रिकेटच्या मानाने बारामती-इंदापुरात फुटबॉल मागेच आहे, त्यातून तालुकास्तरीय शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. एका सकाळी एक गोल खाल्ला की शाळेचा वर्षभराचा फुटबॉल संपला. त्या सकाळी गोलरक्षक आजारी होता की समोरचा संघ खरेच सरस होता, याची शहानिशा करायला दुसरा सामनाच नसतो. जिंकलेल्या संघातली मुले पुढे जिल्ह्याला जातात, हरलेल्या संघातला चांगला आघाडीवीर निवड करणाऱ्यांच्या नजरेआड राहतो. ही पद्धत वेळेच्या आणि मैदानाच्या टंचाईतून आली आहे, हे खरे. पण टंचाईची किंमत मुले मोजतात, आणि ती मान्य करून गप्प बसण्याचे कारण नाही.

आठ शाळांची स्पर्धा बाद पद्धतीने घेतली तर सात सामने लागतात आणि चार शाळा एकेक सामना खेळून परततात. त्याच आठ शाळांचे चार-चारचे दोन गट केले, गटात प्रत्येकाशी एकदा खेळवले आणि मग उपांत्य व अंतिम सामने घेतले, तर पंधरा सामने होतात. प्रत्येक शाळेला निदान तीन सामने मिळतात. सामन्याचा वेळ निम्मा केला, तर मैदान जवळपास तेवढेच तास लागते.