घोडीच्या पाठीचा हिशेब

कार्तिकी एकादशी उलटून तुळशीची लग्ने लागली, की छत्रपती संभाजीनगरात दोन गोष्टींची मागणी एकदम वाढते. एक मंगल कार्यालयांची आणि दुसरी घोड्यांची. मारवाडी, गुजराती, खंडेलवाल अशा अनेक जैन घरांत निकासीला घोडी हवी असते, तोरण मारतानाही नवरदेव तिच्यावरच असावा लागतो. दीक्षार्थीच्या वरघोड्यात किंवा महावीर जन्मकल्याणकाच्या मिरवणुकीतही पुढे घोडे असतात. मंगल कार्यालय कसे आहे, जेवण कोणाचे, वाढपी किती, याची चौकशी आठ-आठ दिवस चालते. घोडीची चौकशी मात्र रंग आणि भाडे या दोन प्रश्नांतच आटोपते. तिची पाठ कशी आहे, हे कोणी विचारत नाही.

वास्तविक हा प्रश्न विचारणे श्रावकाच्या आचारातच बसते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. प्रतिक्रमण करताना यांचीच आलोचना केली जाते. पूर्वी व्यापाऱ्याचा माल बैलांच्या, घोड्यांच्या, उंटांच्या पाठीवरून जात असे, तेव्हा चौथा अतिचार दुकानाच्या दारातच उभा असायचा. आज माल ट्रकमधून जातो, त्यामुळे हा अतिचार आपल्यापुरता संपला, असे अनेकांना वाटते. तो वर्षातून एखाद्या संध्याकाळी, बँडच्या तालावर, पुन्हा दारात येतो. घोडी दुसऱ्याची असली तरी भार आपला असतो, आणि व्रताच्या विचारात स्वतः करणे व दुसऱ्याकडून करविणे या दोन्हींची नोंद होते.

घोड्याची पाठ पाहताना भक्कम वाटते, पण तिची रचना समजून घेतली तर मत बदलते. घोड्याच्या मानेत ७, पाठीत १८ आणि कमरेत बहुधा ६ मणके असतात. माणसाला असते तसे गळपट्टीचे हाड घोड्याला नसते. त्याचे धड पुढच्या दोन पायांच्या मध्ये केवळ स्नायूंच्या झोळीत तोललेले असते. स्वाराचे ओझे वरून मणक्यांवर आले, तरी ते पेलण्याचे काम पाठीच्या दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंना आणि खालून पोटाच्या स्नायूंना करावे लागते. घोडा मान खाली सोडून, पाठ किंचित वर उचलून चालतो, तेव्हा हे काम नीट होते. लगाम ताणून डोके वर धरले, की पाठ खोल जाते आणि सारा ताण कमरेवर येतो. वरातीत नेमके हेच घडते. कानाशी डीजे, डोळ्यांसमोर फटाके, तोंडात आवळलेला लगाम, पायाखाली डांबर किंवा सिमेंट. गुलमंडीपासून क्रांती चौकापर्यंतचे अंतर फार नाही; पण पाच पावले चालून दहा मिनिटे उभे राहायचे, या पद्धतीने ते पार करायला दोन तास लागतात. चालण्यापेक्षा ताठरून उभे राहण्याने स्नायू अधिक शिणतात.

त्यात चातुर्मासाची भर पडते. चार महिने लग्ने नसल्याने घोडी दावणीला उभी असते, तिचे स्नायू सैल पडतात. हंगाम उघडताच त्याच घोडीला एका रात्री दोन-दोन, तीन-तीन वराती कराव्या लागतात. हंगामाआधी पंधरा दिवस रोज थोडे थोडे चालवून तिचे अंग तयार करणारे मालकही आहेत, आणि त्यांच्या घोड्यांची चाल वेगळी ओळखू येते.

दुखऱ्या पाठीची घोडी बोलत नसली तरी सांगते. तंग आवळताना ती कान मागे टाकते, दात दाखवते किंवा पोट फुगवते. खरारा पाठीवर येताच अंग चोरते. शेपटी सतत झटकते, पावले आखूड टाकते, वळताना मान न वळवता सारे अंग एकदम फिरवते. अशा घोडीला आपण ‘खट्याळ’ म्हणतो. तपासणी अवघड नाही. कण्यापासून चार बोटे बाजूला, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत, बोटांच्या पेरांनी हळूहळू दाब देत जावे. निरोगी स्नायू लवचिक लागतो. दुखरा भाग दगडासारखा कठीण लागतो, थरथरतो, किंवा घोडी तेथे पाठ एकदम खाली घेते. दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात. खोगीर उतरवल्यावर घामाचा ठसा पाहावा. चारी बाजूंनी ओले आणि मध्ये एखादा कोरडा डाग असेल, तर तेथे खोगीर टोचते आहे असे समजावे. काळ्या किंवा तांबड्या घोडीच्या पाठीवरचे पांढऱ्या केसांचे ठिपके ही पुष्कळदा जुन्या दाबाची खूण असते. पांढऱ्या घोडीवर ही खूण दिसत नाही, आणि वरातीला मागणी पांढरीचीच असते.

‘खोगीरभरती’ हा शब्द आपण निरुपयोगी भरण्यासाठी वापरतो, पण घोडीच्या दृष्टीने खोगिरातील भरती हीच महत्त्वाची वस्तू आहे. ती एकीकडे गोळा झाली की तेवढ्याच जागी सारे वजन उतरते. कण्याच्या वर बोटभर पोकळी राहिली पाहिजे. वरातीच्या जरीकाम केलेल्या खोगिरात वरची झूल दरवर्षी नवी होते, आतली भरती तशीच राहते.

पाठदुखीचे मूळ नेहमी पाठीतच असते असेही नाही. वाढलेला खूर, चुकीचा नाल, पायातील जुना लंगडेपणा किंवा दाढेची टोचणारी कड यांमुळे घोडी अंग वाकडे धरते आणि दुखते मात्र पाठ व मान. म्हणून नालबंद आणि पशुवैद्य या दोघांनाही न दाखवता केवळ मालिश करत राहणे म्हणजे मुद्दल थकलेले असताना व्याजाची पुनर्रचना करण्यासारखे आहे.

उपचारांत पहिला उपचार विश्रांती हाच आहे. ताज्या दुखापतीला, म्हणजे पहिल्या एक-दोन दिवसांत, थंड उपाय करावा : पंधरा-वीस मिनिटे गार पाण्याची धार, किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ. सूज उतरल्यावर, किंवा जुना आखडलेपणा असेल तर, ऊन पाण्यात पिळलेल्या जाड कापडाचा शेक द्यावा. ताज्या सुजेवर शेक दिला तर ती वाढते. नंतर तळहाताने, केसांच्या दिशेने, संथ मालिश करावे; कण्याच्या हाडावर दाब देऊ नये. झोंबणारे मलम लावून वर खोगीर चढवणे तर सर्वथा वर्ज्य, त्याने कातडी भाजल्यासारखी होते. मान आणि पाठ मोकळी करण्यासाठी परदेशात घोड्यासमोर गाजर धरून त्याला मान बाजूला, खाली, पुढच्या पायांच्या मध्ये वळवायला लावतात. ज्यांच्या घरी कंदमूळ येत नाही, त्यांनी मूठभर लसूणघास धरला तरी चालतो. नावात लसूण असली तरी तो लसणीशी संबंध नसलेला द्विदल चारा आहे, तेव्हा दानास हरकत नसावी. काही दिवसांनी खोगिराविना, हाताने धरून, सपाट मातीवर चालवायला सुरुवात करावी.

दुखऱ्या अंगावर तापल्या लोखंडाने डाग देण्याची चाल अजून काही ठिकाणी आहे. पशुवैद्यकशास्त्राला त्याचा काही लाभ दिसलेला नाही. पाच अतिचारांतील छेद ज्याला ठाऊक आहे, त्याला अधिक सांगायला नको.

एक प्रसंग मात्र घरगुती उपायांचा नाही. श्रमानंतर घोडी एकाएकी जागीच ताठरली, घामाने निथळू लागली, पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे झाले आणि लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर स्नायू आतून तुटू लागले आहेत असे समजावे. विश्रांतीच्या दिवसांतही पूर्ण चंदी खाल्लेल्या घोड्याला अचानक कामाला जुंपले, की हे विशेषतः घडते. तिला एक पाऊलही चालवू नये. समोर पाणी ठेवावे आणि तत्काळ पशुवैद्य बोलवावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

वेदनाशामक औषधाचाही विचार हवा. माणसांच्या गोळ्या घोड्याला देण्याने त्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात. शिवाय येथे जीवदयेचा एक अनपेक्षित पेच आहे. डायक्लोफिनॅक दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मरतात, हे सिद्ध झाल्यावर २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात बंदी आली. किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक यांच्यावरील बंदी २०२३ ची आहे. गिधाडांना निर्धोक ठरलेले मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे. एका जिवाची वेदना शमवताना दुसऱ्याचा प्राण जाऊ नये, म्हणून औषध पशुवैद्याच्या चिठ्ठीनेच आणावे.

पण वरात झाल्यावर शेक देणे हे वरातीमागून घोडे आणण्यासारखेच आहे. आधीचा हिशेब सोपा आहे. घोडीच्या छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजावा, त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. उत्तर किलोमध्ये येते. घेर १६० आणि लांबी १५० असेल, तर वजन सुमारे ३२३ किलो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावेत, असा जगभरचा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे या घोडीला ६५ किलो. आता नवरदेव ७५, शेरवानी, साफा, हार आणि तलवार मिळून पाच, खोगीर दहा आणि पुढ्यात बसवलेला भाचा पंधरा. बेरीज १०५ होते. खाते चाळीस किलोंनी उणे.

कायदाही याच दिशेने आहे. पशूंना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा. त्यानुसार अतिभार लादणे, तसेच जखमी किंवा अशक्त जनावराकडून काम घेणे, हा गुन्हा ठरतो. ओझ्याच्या जनावरांविषयीचे १९६५ चे नियम तट्टूच्या पाठीवरील मालाची मर्यादा ७० किलो ठरवतात, सलग पाच तासांहून अधिक काम करवू देत नाहीत आणि पारा ३७ अंशांच्या वर असताना दुपारी १२ ते ३ या वेळात जनावर वापरू देत नाहीत. काटेरी लगामालाही मनाई आहे. आपल्या शहरातील वैशाखात ३७ अंश ही सकाळचीच गोष्ट असते.

मग घोडी आणूच नये काय? काही घरांनी तसे ठरवले आहे. नवरदेव मोटारीतून किंवा पायी निघतो आणि लग्न तितकेच लागते. हा मार्ग निर्दोष आहे. परंतु घोडेवाल्याचे पोट त्या हंगामावर असते, आणि भाडे थांबले की पहिली कपात चंदीतच होते, म्हणजे पाचवा अतिचार. जे घोडी आणतात त्यांना निदान एवढे जमण्यासारखे आहे : बयाणा देण्यापूर्वी पाठीवर हात फिरवून पाहणे, त्या रात्री एकच वरात असा करार करून त्याचे भाडे पुरते देणे, नवरदेवाला फक्त घरापासून चौकापर्यंत आणि पुढे तोरणाच्या वेळी बसवणे, भाच्याला खाली ठेवणे, डीजे पन्नास पावले पुढे काढणे, पाण्याची बादली सोबत घेणे. ‘नाचणारी घोडी’ मागू नये. मागच्या पायांवर उभे राहण्याने तिची कंबर जाते. नवरदेवाने रिकिबीला लोंबकळून चढू नये, त्याने खोगीर आणि पाठ दोन्ही एकीकडे पिळली जातात. दारातला ओटा किंवा भक्कम स्टूल पुरेसे आहे.

वरात संपल्यावर घोडी पुष्कळदा तशीच, जीनासह, अंधारात डांबरी रस्त्याने दूरच्या तबेल्यापर्यंत चालत जाते. तंग तेथेच सैल करून खोगीर उतरवायला सांगावे आणि शक्य असेल तर टेम्पोचे भाडे द्यावे. तबेल्यात पोचल्यावर तिला मऊ मातीत मोकळे सोडले, की ती प्रथम गुडघे टेकते आणि लोळते. जाणता मोतद्दार त्या वेळी कंदील धरून उभा असतो. घोडी पाठीवरून पलीकडच्या कुशीवर गेली, तर तो निश्चिंतपणे झोपायला जातो. अर्ध्यातूनच परत फिरली, तर सकाळची सुपारी रद्द करावी लागते.