नर्मदेचे केवट आणि कॅमेरा

इंदूरच्या भंवरकुआं चौकातून दक्षिणेला जाणारा खंडवा रस्ता बडवाहपुढे मोरटक्क्याला नर्मदा ओलांडतो, आणि या काठचे केवट व कहार, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या होडी आणि जाळ्यावर जगणारे समाज, आज छायाचित्रकारांचा आवडता विषय झाले आहेत. मध्य प्रदेशाचा राज्यमासा महासीर वाहत्या, खडकाळ पाण्यात वाढतो व विणीसाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतो. धरणांनी नदीचे जलाशय केले, तसा तो दुर्मीळ होत गेला आणि त्याच्या भरवशावरचा धंदाही खचला.

असा पारंपरिक धंदा कॅमेऱ्यापुरता कसा उरतो, हे चीनमध्ये दिसते. ली नदीवर पाणकावळ्याच्या गळ्याभोवती दोरी बांधून, मोठा मासा त्याला गिळता येऊ नये अशा बेताने, मासेमारी होत असे. आता तेथील वृद्ध कोळी बांबूच्या तराफ्यावर कंदील लावून मुख्यतः कॅमेऱ्यासाठी मोबदला घेऊन उभे राहतात. जपानमध्ये गिफूच्या नागारा नदीवर मात्र हीच कला राजघराण्याच्या आश्रयाने टिकली आहे. नर्मदेच्या केवटांना असा आश्रय नाही. त्यांची छायाचित्रे घेताना सोनेरी पहाटेइतकेच फाटलेले जाळे सांधणारी बोटे, रिकामी टोपली आणि बाजारातला भावही चौकटीत यावा, व चित्राखाली माणसाचे नाव त्याच्या संमतीने छापले जावे.