स्वमग्न प्रौढांसाठी अनुदानाची उत्पन्नमर्यादा व घरभाडे साहाय्य याबाबत निवेदन

प्रति,
मा. सचिव,
दिव्यांग कल्याण विभाग,
मंत्रालय, मुंबई.

विषय : अल्प वेतनावर काम करणाऱ्या स्वमग्न प्रौढांना अर्थसाहाय्य व स्वतंत्र राहण्यासाठी घर मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सही करणारे पुणे जिल्ह्यातले स्वमग्न प्रौढ आणि त्यांचे पालक आहोत. आमच्यापैकी कोणी बेकरीत खोकी भरते, कोणी ग्रंथालयात पुस्तके लावते, कोणी संगणकावर नोंदी करते. पगार तुटपुंजा आहे, पण तो कामाचा आहे. त्या पगाराला थोडा आधार मिळून आई-वडिलांच्या घराबाहेर राहता यावे, यासाठी हे निवेदन.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांचे मासिक अनुदान ऑक्टोबर 2025 पासून 1500 वरून 2500 रुपये झाले, याबद्दल शासनाचे आभार. अडचण अनुदानाच्या रकमेपेक्षा पात्रतेच्या अटीत आहे. दिव्यांगांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे, म्हणजे महिन्याला सुमारे 4166. महिना आठ हजार मिळवणाऱ्या मुलाचे एकट्याचेच उत्पन्न वर्षाला 96,000 होते. आई-वडिलांच्या नावावर एक रुपया नसला तरी तो बाद. आठ हजारांत पुण्यात खोली, डबा आणि बसपास भागत नाही, हे वेगळे सांगायला नको. मग घरात सल्ला मिळतो, 'नोकरी कशाला, असलेलेही जाईल.' शासन दिव्यांगांच्या कौशल्य प्रशिक्षणावर खर्च करते आणि प्रशिक्षण घेऊन जो कामाला लागतो, त्याचेच अनुदान पहिल्या पगाराबरोबर बंद होते.

दुसरी गोष्ट कुटुंबाच्या उत्पन्नाची. बत्तीस वर्षांची मुलगी वेगळी राहू पाहते, तर तहसील कार्यालय तिच्या वडिलांचे निवृत्तिवेतन मोजते. ते तिचे उत्पन्न कसे? आणि ते थांबेल त्या दिवशी तिने अर्ज घेऊन रांगेत उभे राहायचे का? 'आमच्यानंतर काय' हा प्रश्न पालक एकमेकांना रोज विचारतात. त्याचे उत्तर पालक हयात असतानाच, हात धरून, चुकत-माकत तयार व्हायला हवे. वेगळे राहण्याचा सराव वडिलांच्या तेराव्यानंतर सुरू करता येत नाही.

आमची मुख्य मागणी म्हणून अशी आहे : अठरा वर्षांवरील स्वमग्न व्यक्तीचे उत्पन्न स्वतंत्र धरावे. मर्यादा किमान वेतनाच्या वार्षिक रकमेशी जोडावी. आणि ती ओलांडल्यावर अनुदान एकदम तोडू नये, पगार वाढेल तसे टप्प्याटप्प्याने कमी करावे. याला आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 24 नुसार दिव्यांग निवृत्तिवेतनाची उत्पन्नमर्यादा अधिसूचनेने ठरवता येते. केंद्र सरकारनेही फेब्रुवारी 2021 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांच्या दिव्यांग अपत्यांना मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी 9000 रुपये व त्यावरील महागाई साहाय्य ही जुनी मर्यादा काढली. आता अपत्याचे इतर उत्पन्न त्याला मिळू शकणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनाहून कमी असले की पुरते. (प्राप्तिकरात दिव्यांगांना वजावट आहे, असे आम्हाला अनेकदा सांगितले जाते. ज्याला करच लागत नाही, त्याची वजावट कशातून करायची?)

निराधार योजना सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाकडे आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी तिकडचा रस्ता आम्हाला दाखवू नये. प्रस्ताव आपल्या विभागाने पाठवावा. 2022 मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला तो याचसाठी, अशी आमची समजूत आहे.

आता घराचे. अकरा महिन्यांचा करार, अनामत रक्कम, दलाली, पोलीस पडताळणी हे सगळ्याच भाडेकरूंना चुकत नाही. आमच्यापुढे त्याआधीचा अडथळा असतो : घरमालक किंवा सोसायटीचे पदाधिकारी समोरासमोर बोलायला बोलावतात, आणि नजर न मिळवणारा, प्रश्नाला उशिरा उत्तर देणारा माणूस त्यांना संशयास्पद वाटतो. त्यातून घर मिळालेच तर वर्षभरात बदलायचे. नवा रस्ता, नवे आवाज, नवा बसथांबा यांची सवय व्हायला ज्याला सहा-सहा महिने लागतात, त्याची प्रत्येक घरबदलीत नोकरी धोक्यात येते.

कायद्याचे कलम 5 दिव्यांगांना समाजात राहण्याचा हक्क देते आणि कोणत्याही विशिष्ट निवासव्यवस्थेत राहण्याची सक्ती त्यांच्यावर होऊ नये, यासाठी शासनाने प्रयत्न करावा असे सांगते. वसतिगृहे आणि निवासी संस्था ज्यांना चोवीस तास देखभाल लागते त्यांच्यासाठी जरूर वाढवाव्यात. आम्हाला आठवड्यातले काही तास माणूस लागतो : वीजबिल, बँकेचे पत्र, गळका नळ, डॉक्टरची वेळ. म्हणून म्हाडाच्या व महापालिकेच्या ताब्यातील काही सदनिका किमान पाच वर्षांच्या भाडेकरारावर दोघा-तिघांना मिळून द्याव्यात, आणि अशा फेरी घेणाऱ्या साहाय्यकाचे मानधन स्थानिक स्वराज्य संस्थांच्या दिव्यांगांसाठी राखीव 5 टक्के निधीतून द्यावे. सुरुवात पुणे शहरात करावी. खासगी घर घेणाऱ्यांना भाड्याचा काही हिस्सा आणि अनामतीसाठी शासनाची हमी मिळावी.

कलम 37 प्रमाणे गृहयोजनांत 5 टक्के घरे दिव्यांगांसाठी राखीव असायला हवीत. त्यांपैकी स्वमग्न व बौद्धिक दिव्यांग अर्जदारांना किती मिळाली, ते दरवर्षी प्रसिद्ध व्हावे. कर्ज मागायला गेलेल्या सज्ञान स्वमग्न माणसाला 'पालकाला आणा' म्हणून परत पाठवले जाते. मालमत्ता बाळगण्याचा व बँककर्ज मिळवण्याचा समान हक्क कलम 13 मध्ये आहे, याची आठवण राज्यस्तरीय बँकर्स समितीमार्फत बँकांना द्यावी.

या मागण्यांवर चर्चेसाठी वेळ द्यावी, ही विनंती. बैठकीतले प्रश्न आठ दिवस आधी लेखी मिळावेत आणि आयत्या वेळी बोलणे ज्यांना जमत नाही त्यांची लिहून आणलेली उत्तरे ग्राह्य धरावीत. ट्यूबलाइट लुकलुकत नाही अशी खोली असेल तर बरे.

आपले विश्वासू,
स्वमग्न प्रौढ व पालक, पुणे जिल्हा
(सोबत : स्वाक्षऱ्यांची यादी)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग, गृहनिर्माण विभाग, दिव्यांग कल्याण आयुक्तालय, पुणे.