हातखंब्याच्या तिठ्यावर बसायला जागा नाही

मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता जिथे येऊन मिळतो, तो हातखंब्याचा तिठा रत्नागिरी तालुक्यात कोणाला ठाऊक नाही? दिवेलागणीच्या सुमारास तिथे गावोगावचे तरुण उभे असलेले दिसतात. कोणी मोटारसायकलला टेकून, कोणी टपरीच्या कडेला, कोणी एस.टी.ची वाट पाहण्याचे निमित्त करून. ते उभे असतात, बसलेले नसतात, हे मुद्दाम नमूद करतो. चौपदरीकरणात या महामार्गाकाठची जुनी झाडे गेली, आणि त्यांच्या सावलीबरोबर चार माणसांनी टेकावे अशा जागाही गेल्या. मुली तर या चित्रात नाहीतच. रत्नागिरीच्या कॉलेजातून परतणारी मुलगी एस.टी.तून उतरते ती खाली मान घालून थेट वाडीची वाट धरते. तिठ्यावर ती पाच मिनिटे रेंगाळली, तर ती घरी पोहोचण्याआधी बातमी घरी पोहोचते.

या उभ्या असलेल्या मुलांसाठी आपल्या प्रतिष्ठित मंडळींनी एक शब्द राखून ठेवला आहे: 'टवाळ'. तो उच्चारला की जबाबदारी संपते. ही मुले तिथे का उभी आहेत, घरी का जात नाहीत, आणि घरी गेल्यावर कोणाशी काय बोलतात, हे प्रश्न मग विचारण्याचे कारण उरत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय नेमके तेच प्रश्न आहेत.

दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की 'कोकण अव्वल' हा मथळा ठरलेला. २०२४ साली दहावीला कोकण विभागाचा निकाल ९९.०१ टक्के लागला, २०२५ साली ९८.८२ टक्के, दोन्ही वर्षी राज्यात पहिला. अभिनंदन केलेच पाहिजे. परंतु शंभरांतली नव्व्याण्णव मुले उत्तीर्ण करणाऱ्या या भूमीत त्या नव्व्याण्णवांचे पुढे काय होते, याची मोजदाद कोणते मंडळ करते? जी मुंबई-पुण्याला गेली ती 'मार्गी लागली'. जी गावात राहिली ती 'मागे राहिली'. पिढ्यान्‌पिढ्या मनीऑर्डरीवर जगलेल्या या प्रदेशात माणसाची किंमत मुंबईतल्या खोलीवर ठरत आली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पुष्कळांच्या खोल्याही गेल्या. मोजमाप मात्र तेच राहिले. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतात, घरे भरतात, आणि पडवीत बसून कोणी काका अगदी मायेने विचारतो, 'तुझं सध्या काय चाललंय?' या एका प्रश्नाला चुकविण्यासाठी सणाचे चार दिवस घराबाहेर काढणारी मुले मी पाहिली आहेत.

घरची जमीन म्हणावी, तर सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची नावे इतकी की बँक दारात उभे करीत नाही. कलमे असली तरी आंब्याचे मोल वाशीचा दलाल ठरवितो. लग्नाचे म्हणाल तर शेतकरी बापालाच शेतकरी जावई नको आहे. त्याला शहरात नोकरी आणि स्वतःची जागा असलेला मुलगा हवा. आणि ज्या मुलीसाठी तो हवा, तिला काय हवे ते विचारण्याची पद्धतच नाही. अशा घरातल्या मुलाला रात्री झोप लागेनाशी होते, त्याचे अन्नावरून मन उडते, किंवा तो बाटलीला जवळ करतो. मुलगी असेल तर तिला वारंवार चक्कर येते, पोटात दुखते, आणि तपासणीत काही निघत नाही. घर म्हणते, 'फार विचार करतो', 'मनाला लावून घेते'. निदान चुकीचे नाही. पण त्यावर उपाय मात्र कोणापाशी नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ माणसांनी आपले जीवन संपविले. त्यांतली २२,७४६ महाराष्ट्रातली होती. इतकी दुसऱ्या कोणत्याही राज्यात नव्हती. देशभरच्या या मृत्यूंत चौथ्या हिश्श्याहून अधिक माणसे रोजंदारीवर पोट भरणारी होती, आणि १३,०४४ विद्यार्थी होते. हा हिशेब आरोग्य खात्याने नव्हे, तर गुन्हे मोजणाऱ्या खात्याने ठेवावा, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. आरोग्याच्या बाजूने काय झाले? २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी झाली. तिने सांगितले की नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमीच्या विकारांनी ग्रासलेल्या शंभरांतल्या पंचाऐंशी माणसांना उपचार मिळत नाहीत. पाहणी बारा राज्यांत झाली. पुरोगामी म्हणून मिरविणारा महाराष्ट्र त्या बारांत नव्हता.

आता शासनाची व्यवस्था पाहा. रत्नागिरीत मनोरुग्णालय आहे, तेही १८८६ पासूनचे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालये. रत्नागिरीत खाटा ३६५. तिथे काम करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. परंतु इंग्रज सरकारने वेड्यांना गावापासून दूर ठेवण्यासाठी जी भिंत बांधली, तिची दहशत अजून जिल्ह्याच्या मनातून गेलेली नाही. हातखंब्यासारख्या गावातला बाप आपल्या पोराला झोप लागत नाही म्हणून त्या फाटकातून आत नेणार नाही. आज त्या फाटकातून आत गेलेल्या मुलाला उद्या सोयरीक कोण देणार, हा त्याचा हिशेब असतो. आपण त्याला अडाणी म्हणून मोकळे होऊ नये, कारण तो समाजाला ओळखून आहे.

१९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ साली जिल्हा कार्यक्रम आला. २०१४ साली किशोरांसाठी निराळा कार्यक्रम आला, आणि त्याची वयोमर्यादा एकोणीस ठरली. जणू विसाव्या वर्षी, म्हणजे पदवी हाती येऊन नोकरी हाती न येण्याच्या नेमक्या वयात, मनाला काही होत नाही. १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलि-मानस आले. १४४१६ हा त्याचा क्रमांक. ज्याला आज रात्री गरज आहे त्याने तो अवश्य फिरवावा; मी त्याची टवाळी करणार नाही. पण दोन खणांच्या घरात, जिथे आजी एका भिंतीला आणि भाऊ दुसऱ्या भिंतीला झोपलेला आहे, तिथे एकोणीस वर्षांच्या मुलीने फोन कानाला लावून नक्की कोठे बसावे? फोनच्या टोकाला माणूस बसविला, तशी या टोकाला एक खोली असावी लागते, हे योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

कायदा मात्र उत्तम आहे! २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१८ साली अमलात आला. त्याच्या १८ व्या कलमाने शासकीय मानसिक आरोग्यसेवा हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क ठरविला. ११५ व्या कलमाने जीव देऊ पाहणाऱ्याला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालचा माणूस मानले आणि त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. मनोविकारतज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाला नेण्यासाठी ३१ व्या कलमात दहा वर्षांची मुदत आहे. ती २०२८ साली संपते. मुदत संपत आली की सावकार जसा दारात येऊन उभा राहतो, तसे या बाबतीत आपण शासनाच्या दारात उभे राहिलो आहोत काय?

इथे आमच्याच काही साथींचा आक्षेप मला ऐकू येतो. 'मानसिक आरोग्य' हे शहरी मध्यमवर्गाचे चोचले आहेत. रोजगार द्या, जमिनीचा प्रश्न सोडवा, मने आपोआप बरी होतील. व्यवस्थेने केलेला आजार व्यक्तीच्या माथी मारून तिला समुपदेशकाकडे धाडणे हाच भांडवलशाहीचा डाव आहे, असेही काही म्हणतात. आक्षेपात अर्धे सत्य आहे. बेकारीवर 'सकारात्मक विचार करा' असे व्याख्यान झोडणारे प्रेरणादायी वक्ते शाळा-कॉलेजांतून फिरतात, त्यांच्याविषयी बोलायचे तर हा आक्षेप पुरता खरा आहे. पण कापसाच्या धुळीने कामगाराची छाती भरते हे सांगणाऱ्या युनियनने धुळीविरुद्ध लढता लढता त्याला दवाखानाही मिळवून द्यायचा असतो. आज ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, तो तुमच्या मोर्चाला येणार नाही. तो कशालाच येणार नाही.

शिवाय भाकरी आधी की मन आधी, हा वाद प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी केव्हाच निकालात काढला आहे. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ या आदिवासी तालुक्यातल्या ४१ गावांत 'आत्मीयता' नावाचा प्रयोग झाला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने पुढे तो गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर नेला. गावातलीच माणसे शिकविली. ती दुःखी शेजाऱ्याजवळ बसत, त्याचे ऐकून घेत, गरज असेल तर डॉक्टरपर्यंत पोहोचवीत. त्याच बैठकीत निराधाराचे निवृत्तिवेतन, रोजगार हमीचे काम असल्या अडलेल्या हक्कांनाही ती हात घालीत. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' प्रकल्पाने असेच स्थानिक कार्यकर्ते उभे केले. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणारे प्रारंभी शंभरांत जेमतेम चार होते. दीड वर्षात ते सत्तावीस झाले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. आफ्रिकेतल्या झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली तर दवाखान्याच्या अंगणात नुसते बाक मांडले आणि त्यांवर शिकवून तयार केलेल्या आज्या बसविल्या. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याचे नाव आहे 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करणे. आपली घरे जे म्हणतात तेच.

म्हणजे प्रश्न ज्ञानाचा नाही, पैशाचा तर त्याहून नाही. प्रश्न जागेचा आहे, आणि ती जागा कोणाची याचा आहे. गावात देऊळ आहे, त्याचा सभामंडप आहे. कोकणातला माणूस देवापुढे गाऱ्हाणे घालतो, आणि चारचौघांत दुःखाला तोंड फोडण्याची ती एक जुनी रीत आहे, हे नास्तिकानेही मान्य करावे. पण बौद्धवाडीतल्या मुलाला तो मंडप आपला वाटतो काय? दुसऱ्या जातीतल्या मुलावर मन बसलेल्या मुलीने तिथे कोणते गाऱ्हाणे घालावे? ज्या मुलाला मुलांचीच ओढ वाटते त्याने? ज्याच्या घरी दारूपायी रोज मार पडतो त्याने भावकीतल्याच मानकऱ्यापुढे तोंड उघडावे? सुरक्षित जागा म्हणजे जिथे वाडी, भावकी आणि देवस्की यांच्या नजरा पोहोचत नाहीत अशी जागा. गावात आज ती कोठेच नाही.

एके काळी आपण ती निर्माण केली होती. १९४१ साली राष्ट्र सेवा दल निघाले. त्याच्या शाखेत संध्याकाळी तासभर मुले-मुली खेळत, गात, बोलत. कोण कोणत्या जातीचा हे विचारले जात नसे. मानसिक आरोग्य हा शब्द तेव्हा कोणी उच्चारत नव्हते, आणि त्याची गरजही नव्हती. पुढे आपण विधिमंडळात गेलो, फुटलो, पुन्हा जुळलो, पुन्हा फुटलो. या धांदलीत गावोगावच्या त्या संध्याकाळी आपल्या हातून निसटल्या. त्या शासनाने बंद केल्या नाहीत. त्या मैदानांवर आज कोणाच्या शाखा भरतात, हे साथींना सांगायला नको.

आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे, जी लिहिताना हात अडखळतो. याच जिल्ह्यातल्या पालगडचे साने गुरुजी. महाराष्ट्रातल्या मुलांचे अश्रू त्यांनी आपले मानले. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतः आपले जीवन संपविले. आपण त्यांची जयंती साजरी करतो, त्यांच्या मातृहृदयाविषयी भाषणे करतो, आणि त्या दिवसाचा विषय आला की आवाज खाली आणतो. देशाच्या स्थितीने ते व्यथित झाले होते, एवढे सांगून पुढे जातो. व्यथित माणसाच्या जवळ कोणी बसावे, कसे बसावे, हे आपल्या चळवळीने त्या मृत्यूपासून शिकायला हवे होते. ते न शिकता आपण हळव्या कार्यकर्त्याला 'कच्चा' म्हणू लागलो. हा आरोप मी दुसऱ्या कोणावर करीत नाही. मीही तो शब्द वापरला आहे.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. वीसपेक्षा कमी पट म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळा बंद करण्याची भाषा होते, आणि कोकणात पटसंख्या तर दरवर्षी घटते आहे. अशी एखादी रिकामी पडलेली शाळा, नाहीतर ग्रामपंचायतीची एक खोली, संध्याकाळी पाच ते नऊ उघडी राहावी. दिवा, पंखा, वर्तमानपत्रे, कॅरम, पिण्याचे पाणी आणि दाराला आतून कडी असलेली एक छोटी खोली. मुलींसाठी राखीव वेळ, आणि त्यांना वाडीपर्यंत सोबत. तिथे दोन शिकविलेले कार्यकर्ते असावेत, त्यांपैकी एक स्त्री, आणि दोघेही शेजारच्या गावचे, म्हणजे इथल्या भावकीत न अडकलेले. ठरल्या दिवशी जिल्हा रुग्णालयातला डॉक्टर तिथे यावा. कोणाचेही नाव बाहेर जाणार नाही याची लेखी हमी असावी. आणि कृपा करून हे काम आशा सेविकांच्या पाठीवर लादू नये. वेतनासाठी २०२३ च्या अखेरीपासून त्यांना वारंवार संपावर जावे लागले. दुसऱ्याचे दुःख ऐकण्याचे काम मानधनाच्या तुकड्यावर करून घेणे ही लूट आहे. या कार्यकर्त्यांना पगार हवा, नियमित, शासनाच्या तिजोरीतून, कारण १८ वे कलम शासनाला बांधते, गावातल्या दानशूरांना नव्हे.

ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातून महिला व बालकल्याणासाठी दहा टक्के आणि दिव्यांगांसाठी पाच टक्के राखून ठेवावे लागतात. त्या रकमा अनेक ठिकाणी कशा वळविल्या जातात हा वेगळा लेखाचा विषय आहे. तरुणांसाठी असे राखीव काहीच नाही. हातखंब्याच्या आणि आसपासच्या गावांतल्या साथींनी येत्या ग्रामसभेत खोलीचा ठराव मांडावा, मुलींना बरोबर नेऊन मांडावा, आणि विरोध कोण करतो ते नावानिशी इतिवृत्तात लिहून घ्यावे.