हिशेबाच्या वह्या आणि वास्तूंचे कर्ते

वास्तुकलेचा इतिहास हा रसिकांच्या दृष्टीचा विषय; जुनीं कंत्राटें व जमाखर्चाच्या वह्या चाळणें हें कारकुनाचें काम, असें मानणारा एक विद्वद्वर्ग आहे. कोशांतील त्रोटक नोंदींना चरित्र म्हणावयासही हा वर्ग तयार नसतो. सर हॉवर्ड कॉल्व्हिन (1919–2007) यांचें कार्य ज्यानें पाहिलें असेल त्याला हें मत क्षणभरही मान्य होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

इंग्लंडांत कोणताही देखणा जुना वाडा दिसला कीं तो इनिगो जोन्स किंवा क्रिस्टोफर रेन यांच्या नांवावर चढवावयाचा, अशी चाल पडली होती. बर्कशरमधील कोल्सहिल हाउस पिढ्यान् पिढ्या जोन्सचें म्हणून वाखाणलें गेलें. पुढें 1928 सालीं रॉजर प्रॅटचीं टिपणें छापून प्रसिद्ध झालीं, आणि त्या वास्तूचें मुख्य श्रेय प्रॅटकडे गेलें. रसिकांची दृष्टि तीच होती, वास्तूही तीच होती. निवाडा केला तो कागदांनीं!

कॉल्व्हिन यांनीं हाच न्याय सर्व वास्तुकारांस लावला. ते पेशानें वास्तुकार नव्हते, इतिहासाचे अध्यापक होते. 1948 सालीं ते ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजांत फेलो झाले, आणि 1954 सालीं त्यांचा इंग्रज वास्तुकारांचा चरित्रकोश बाहेर पडला. 1978 च्या आवृत्तींत त्याचा आरंभ 1660 वरून 1600 पर्यंत मागें गेला व स्कॉटलंड-वेल्सचाही त्यांत समावेश झाला. चौथी आवृत्ति त्यांच्या मृत्यूनंतर, 2008 सालीं निघाली. राजवास्तूंच्या बांधकामाच्या सहा खंडी इतिहासाचें प्रधान संपादनही त्यांनींच केलें. कागदानें सिद्ध झालेलें कर्तृत्व वेगळें आणि शैलीवरून केलेला तर्क वेगळा, हा भेद त्यांनीं कटाक्षानें पाळला.

कागद सौंदर्य शिकवीत नाहीं, असा आक्षेप येईल. तो आम्ही मान्य करतों. पण सौंदर्याच्या नांवाखालीं एकाचें श्रेय दुसऱ्यास देणें ही रसिकता नव्हे, अन्याय आहे. थोरांचीं चरित्रें लिहिणारे पुष्कळ मिळतात. एखाद्या लहान गांवचा गवंडी वा सुतार स्वतःच्या हिमतीवर वास्तुकार होतो, त्याच्या दोन-तीन इमारती मागें उरतात. त्याचें शिक्षण, त्याचा आश्रयदाता, त्याचीं कामें शोधून दहा ओळींत मांडणें हें चरित्रलेखन नव्हे काय? अस्सल कागदांसाठीं गांवोगांव हिंडणाऱ्या राजवाड्यांचें मोल जाणणाऱ्या मराठी वाचकाला तरी ह्या श्रमांची थोरवी पटवून देण्याची गरज पडूं नये.

ज्यांना हें काम अद्यापि कारकुनी वाटत असेल, त्यांनीं आपल्या आवडत्या वास्तूच्या कर्त्याचें नांव सांगावें, आणि तें कशावरून सांगतों हेंही सांगावें.